डेट्रॉइटचं बंद स्टेशन पुन्हा कसं उभं राहिलं, आणि तुमच्या गावच्या स्टेशनसाठी आत्ता काय करता येईल

काका, सप्रेम नमस्कार.

मुलीकडे, डेट्रॉइटजवळच्या नोव्हायला आलात, एका रविवारी डेट्रॉइटचं मिशिगन सेंट्रल स्टेशन बघून आलात, आणि मला तीन प्रश्न विचारलेत. एवढं राजवाड्यासारखं स्टेशन शहराच्या मध्यापासून लांब का बांधलं आणि ते बंद का पडलं? फोर्ड कंपनीने ते पाडून नवं बांधायचं सोडून जुन्यावर एवढा पैसा का घातला? आणि विदर्भातल्या शकुंतला रेल्वेच्या मार्गावरचं तुमच्या गावचं छोटं स्टेशन, ज्याचं छप्पर गळतंय आणि भिंतीत पिंपळ उगवलाय, ते वाचू शकतं का? तिसरा प्रश्न तुम्ही दबकतच विचारलात. मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटला, म्हणून उत्तर लांबलं तरी चालेल असं ठरवून लिहितोय.

मी सत्तावीस वर्षं जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो. आधी मुंबई-पुण्यात, नंतर इथे मिशिगनमध्ये. या स्टेशनच्या कामावर मी नव्हतो, पण बंद असताना ते वर्षानुवर्षं बाहेरून पाहिलंय आणि २०२४ च्या जून महिन्यात लोकांसाठी उघडलं तेव्हा रांगेत उभं राहून आतूनही पाहिलंय.

आधी जागेचं. डेट्रॉइट आणि कॅनडातलं विंडसर यांच्यामध्ये नदी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत आगगाडीचे डबे बोटींवर चढवून पलीकडे न्यायचे. हिवाळ्यात नदीत बर्फ झालं की सगळं खोळंबायचं. मिशिगन सेंट्रल रेल्वेने, म्हणजे न्यूयॉर्क सेंट्रल या मोठ्या रेल्वेच्या ताब्यातल्या कंपनीने, नदीखालून बोगदा काढला आणि तो १९१० मध्ये सुरू झाला. बोगद्याचं तोंड जिथे येत होतं तिथे रूळ खोल होते. जुनं स्टेशन नदीकाठी शहराच्या मध्यात होतं, नव्या मार्गापासून बाजूला. म्हणून नवं स्टेशन बोगद्याच्या तोंडाजवळ, कॉर्कटाउन वस्तीला लागून, शहराच्या मध्यापासून अडीच-तीन किलोमीटरवर आलं. रेल्वेवाल्यांचा हिशेब असा की स्टेशन जिथे जाईल तिथे शहर मागोमाग येईल. आपल्याकडे कित्येक गावांत स्टेशन रोडला बाजार तसाच वाढला. इथे मात्र शहर काही त्या बाजूला सरकलं नाही.

आराखडा वॉरन अँड वेटमोर आणि रीड अँड स्टेम या दोन कार्यालयांचा, ज्यांनी न्यूयॉर्कचं ग्रँड सेंट्रल स्टेशन केलं तेच. पुढे प्रवाशांची बसकी, भव्य इमारत. आत रोमन स्नानगृहांच्या धर्तीवर कमानदार छताचं प्रतीक्षागृह. बायकांसाठी वेगळी वाचनखोली, पुरुषांसाठी धूम्रपानाची खोली. आणि मागे कचेऱ्यांचा अठरा मजली मनोरा. मनोऱ्याचे सगळ्यात वरचे मजले आतून कधी पूर्णच झाले नाहीत. उद्घाटन १९१४ च्या जानेवारीत करायचं ठरलं होतं. पण २६ डिसेंबर १९१३ ला जुन्या स्टेशनला आग लागली आणि त्याच दिवशी, समारंभ वगैरे काही न होता, गाड्या नव्या स्टेशनवरून सुटायला लागल्या.

पहिल्या महायुद्धाच्या काळात इथून दिवसाला दोनशेवर गाड्या सुटत. दक्षिणेतून कारखान्यांत कामाला आलेली कृष्णवर्णीय कुटुंबं, युरोपातून आलेले लोक, पुढे दुसऱ्या महायुद्धात निघालेले सैनिक, या सगळ्यांनी डेट्रॉइट पहिल्यांदा किंवा शेवटचं पाहिलं ते याच छताखालून. म्हणूनच इथल्या म्हाताऱ्या माणसांशी या स्टेशनबद्दल बोलताना शब्द जपून वापरावे लागतात.

बंद का पडलं याचं बीज बांधतानाच पेरलं गेलं होतं. लोक ट्रामने येतील असं धरून आराखडा झाला, गाड्या उभ्या करायला मोठी जागा ठेवलीच नाही. ज्या शहराने जगाला मोटारी दिल्या त्याच शहरातलं हे स्टेशन. ट्राम गेली, मोटार आली, महामार्ग आले, विमानं आली. १९५६ मध्ये रेल्वेने स्टेशन ५० लाख डॉलरला विकायला काढलं. बांधायला जो खर्च आला होता त्याच्या तिसऱ्या हिश्शात. कोणी घेतलं नाही. १९६७ मध्ये उपाहारगृह, दुकानं आणि पुढचा मुख्य दरवाजा बंद केला. चार वर्षांनी अ‍ॅमट्रॅक, म्हणजे अमेरिकेची सरकारी प्रवासी रेल्वे आली, प्रतीक्षागृह पुन्हा उघडलं, थोडी डागडुजी झाली, १९७५ मध्ये इमारत राष्ट्रीय ऐतिहासिक यादीतही गेली. पण जानेवारी १९८८ मध्ये शेवटची गाडी सुटली.

त्यानंतरची तीस वर्षं. मालकी एका हातातून दुसऱ्या हातात गेली, योजना जाहीर झाल्या आणि विरल्या. भंगारवाल्यांनी तांब्याच्या तारा, छपरावरचं तांबं, दिवे, कठडे, घड्याळं, संगमरवर असं जे सुटलं ते नेलं. मनोऱ्याच्या खिडक्यांना काचा राहिल्या नाहीत. रस्त्यावर उभं राहिलं की एका बाजूच्या खिडकीतून पलीकडच्या बाजूचं आकाश दिसायचं, आणि एवढी अवाढव्य इमारत जाळीसारखी दिसायची. जगभरचे फोटोवाले यायचे आणि ओसाड डेट्रॉइटचं चित्र म्हणून हीच इमारत दाखवायचे. शहराची लोकसंख्या १९५० मध्ये साडेअठरा लाख होती, २०१० मध्ये सात लाखांच्या थोडी वर उरली. २०१३ मध्ये महापालिकेनेच दिवाळखोरी जाहीर केली. त्याआधी २००९ मध्ये नगर परिषदेने स्टेशन पाडायचा ठराव केला होता. एक रहिवासी ऐतिहासिक वास्तूंच्या संरक्षणाचा कायदा दाखवत कोर्टात गेला, आणि पाडकाम काही झालं नाही. एकट्या माणसाने केलेला एक अर्ज, एवढंच. पण दहा वर्षांनी जे झालं ते व्हायला इमारत उभी असणं तरी गरजेचं होतं.

आता माझ्या विषयाकडे येतो. तुम्ही म्हणालात, "शंभर वर्षांची इमारत, काळाने खिळखिळी झाली असणार." काका, दगड-विटांच्या इमारतीला शंभर वर्षं म्हणजे काहीच नाही. काळ तिला काही करत नाही. तिला खातं ते पाणी, आणि पाणी छपरातून येतं. छपरावरचं तांबं गेलं, पन्हळी चोंदल्या, पावसाचे नळ फुटले, की पाणी भिंतीच्या डोक्यावरून आत शिरतं. अशा इमारतीच्या पोटात पोलादी खांब-तुळया असतात आणि बाहेरून विटा-दगडाची भिंत. पोलादाला गंज चढला की ते फुगतं, मूळ धातूच्या कित्येक पट जागा मागतं, आणि बाहेरच्या दगडाला आतून ढकलायला लागतं. खालून बघणाऱ्याला वाटतं दगड फुटला. दगड बिचारा शाबूत असतो, मागचं लोखंड त्याला फोडत असतं. त्यात मिशिगनचा हिवाळा. पाण्याचं बर्फ होताना ते नऊ टक्के फुगतं, एका हिवाळ्यात कित्येकदा गोठतं आणि वितळतं. बोटभर फटीत शिरलेलं पाणी दहा हिवाळ्यांत पाचर मारल्यासारखं काम करतं.

फोर्डने २०१८ मध्ये स्टेशन ९ कोटी डॉलरला घेतलं. डिसेंबरात काम सुरू झालं तेव्हा पहिला टप्पा सजावटीचा नव्हता. इमारत झाकायची, पाणी थांबवायचं आणि सुकवायची. तळघरातून ३५ लाख गॅलन पाणी उपसलं, म्हणजे सव्वा कोटी लिटरच्या वर. आपल्याकडच्या दहा हजार लिटरच्या टँकरने मोजलं तर तेराशे टँकर. मग कित्येक महिने इमारत सुकू दिली. बाहेरच्या लोकांना वाटत होतं काम रखडलंय. माझ्या धंद्यातल्या माणसांना त्या महिन्यांचाच हेवा वाटत होता.

हे मी का सांगतोय त्यामागे माझी स्वतःची जुनी ठेच आहे. पश्चिम महाराष्ट्रात एका जुन्या दगड-विटांच्या इमारतीचं काम होतं. भिंती चुन्यातल्या, मधे दोन पावसाळे छप्पर उघडं पडलेलं. छप्पर घातलं आणि दिवाळीनंतर लगेच आतून सिमेंटचा गिलावा करायचा हुकूम आला, कारण उद्घाटनाची तारीख ठरली होती. मी विरोध नोंदवला, पण शेवटी कागदावर सही केली. भिंतीत हात-दीड हात जाडीत ओल भरलेली होती. चुना श्वास घेतो, ओल बाहेर सोडतो. सिमेंटने तो रस्ता बुजवला. पहिल्या वर्षी भिंतीला पांढरा खार फुटला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर गिलाव्याला फुगे आले आणि तो पापुद्र्यासारखा निघाला, तो एकटा निघाला नाही, मागच्या विटांचा चेहरा घेऊन निघाला. आजोबांच्या पिढीतल्या गवंड्याने घोटून केलेलं काम सत्तर वर्षं टिकलं होतं, ते आमच्या घाईने दोन वर्षांत गेलं. ती सही मला अजून टोचते. तेव्हापासून भिंत सुकल्याचं मोजमाप हातात आल्याशिवाय मी गिलाव्याला हात लावू देत नाही.

आता तुम्ही मान वर करून जे छत बघितलंत त्याबद्दल. त्याला ग्वास्ताविनो छत म्हणतात. राफाएल ग्वास्ताविनो हा स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचा माणूस १८८१ मध्ये अमेरिकेत आला आणि तिकडची जुनी पद्धत सोबत घेऊन आला. आपण कमान बांधतो तेव्हा खाली लाकडी सांगाडा लावतो, त्यावर दगड-विटा रचतो, आणि मधला दगड बसला की सांगाडा काढतो. कमानीची जाडी आणि वजन दोन्ही भरपूर. ग्वास्ताविनोच्या पद्धतीत मातीच्या भाजलेल्या पातळ फरशा आडव्या, कडेला कड लावून जोडतात. पहिला थर पटकन धरणाऱ्या मसाल्यात, त्यामुळे फरशी हातातून सोडली तरी जागीच राहते. त्यावर दुसरा थर, तिसरा थर, सिमेंटमध्ये, आणि प्रत्येक थराचे सांधे आधीच्या थराच्या सांध्यांवर येणार नाहीत असे. सगळं मिळून काही इंच जाडी, पण आकारामुळे एवढी ताकद की प्रचंड मोठं दालन झाकतं. शिवाय भाजलेली माती असल्यामुळे आगीला दाद देत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतल्या शहरांना आगीचा धसका होता, त्यामुळे ही पद्धत तिथे फार चालली.

मिशिगन सेंट्रलच्या प्रतीक्षागृहाच्या छतात अशा सुमारे २९,००० फरशा आहेत. तीस वर्षं त्यांच्यावर पाऊस-बर्फ पडला. दुरुस्तीला खाली परांची उभी राहिली, वर लोक गेले आणि एकेक फरशी वाजवून तपासली गेली. चांगली फरशी खणखणीत बोलते, मागून सुटलेली पोकळ बोलते. हीच परीक्षा आपले गवंडी माठावर आणि कौलावर करतात. शेवटी बदलाव्या लागल्या त्या फक्त १,३०० च्या आसपास. शंभरात पाचसुद्धा नाहीत. सांध्यांमधल्या दरजा मात्र सगळ्या कोरून पुन्हा भरल्या. त्यांची एकूण लांबी आठ मैलांच्या वर भरली. त्या दालनात उभा असताना मी नव्या फरशा शोधत होतो. अर्धा तास मान वर करून बघितल्यावर काही सापडल्या असं वाटलं, पण खात्रीने बोट ठेवता आलं नाही. मागे उभ्या असलेल्या बाई मला विचारायला लागल्या की वर काय आहे. मी सांगितलं, तर त्याही शोधायला लागल्या.

दगडाची गोष्ट आणखी जवळची, कारण माझे पहिले गुरू पाथरवट होते. बाहेरचा दगड इंडियाना राज्यातला चुनखडीचा आहे. फुटलेले तुकडे बदलायचे तर रंग आणि कण जुळायला हवा. म्हणून मूळ दगड जिथून आला होता ती खाण शोधली. ती तीस वर्षांहून जास्त काळ बंद होती. ती पुन्हा चालू करून सुमारे ६०० टन दगड काढला. खांबावरच्या एका नक्षीदार शीर्षासाठी साडेनऊ टनांचा दगड घेतला आणि तो हाताने घडवायला ४२८ तास लागले. यंत्राने खडबडीत आकार येतो, पण पानाची कड आणि तिच्याखालची सावली माणसाच्या हातानेच येते. कमळाच्या पाकळीला शेवटची टाकी द्यायला आमचे गुरू सकाळचं तिरकं ऊन यायची वाट बघायचे. दुपारच्या उन्हात चूक दिसत नाही, म्हणायचे.

एका गोष्टीने तर मला अक्षरशः रडू आलं. २०२१ मध्ये भिंतीच्या वरच्या नक्षीमागे कामगारांना बिअरची जुनी, रिकामी बाटली सापडली, उलटी खोचलेली, आत गुंडाळलेला कागद. त्यावर दोन गिलावा कारागिरांची नावं आणि छत आपण केल्याची नोंद होती, जुलै १९१३ ची. एवढ्या मोठ्या समारंभात, पाट्यांवर, वर्तमानपत्रांत त्यांची नावं कुठे येणार नव्हती हे त्यांना माहीत असणार. आपल्याकडे मंदिराच्या पायरीवर, विहिरीच्या कठड्याखाली अशा खुणा सापडतात. दुरुस्ती करताना सगळं उकरून फेकून नवं केलं असतं तर तो कागद ढिगाऱ्याबरोबर गेला असता.

आता दुसरा प्रश्न: पाडून नवं का नाही? स्टेशन आणि आजूबाजूचा जवळपास ३० एकरांचा परिसर धरून खर्च ९५ कोटी डॉलरच्या घरात गेला. तीन हजारांवर कारागीर आणि कामगारांनी मिळून १७ लाख तास काम केलं. एवढ्यात नवी काचेची इमारत नक्की झाली असती, आणि स्वस्तात झाली असती. पण हा निव्वळ धर्मादाय नव्हता. कंपनीला वीज-मोटारी आणि स्वयंचलित वाहनांच्या कामासाठी तरुण इंजिनिअर हवे होते. तशा मुलांना शहरात, लोकांच्या गजबजाटात काम करायला आवडतं, हे कंपनीच्या वरिष्ठांनी उघड सांगितलं. शिवाय अमेरिकेत ऐतिहासिक यादीतली इमारत नियमाप्रमाणे दुरुस्त केली तर पात्र खर्चाच्या २० टक्के रक्कम केंद्राच्या करातून सवलत म्हणून मिळते, राज्य आणि शहराच्या सवलती वेगळ्या. अट एकच: मूळ रूप बिघडवायचं नाही. १९७५ मध्ये इमारत यादीत गेली तेव्हा अनेकांना तो नुसता कागदी मान वाटला असेल. त्या कागदाची किंमत २०१८ मध्ये कळली.

आत आता काय आहे ते तुम्ही पाहिलंतच. खाली लोकांसाठी मोकळं, वर कचेऱ्या, शेजारच्या पोस्टाच्या जुन्या इमारतीत, जी अल्बर्ट कान या वास्तुविशारदाची, नव्या कंपन्यांसाठी कार्यशाळा. मनोऱ्याच्या वरच्या मजल्यांवर हॉटेल करायचं ठरलंय. म्हणजे जे मजले १९१३ पासून कधी पुरे झालेच नव्हते ते आता पुरे होतील. काही भिंतींवरची, बंद काळात पोरांनी रंगवलेली चित्रं मुद्दाम तशीच ठेवलीत. यावर इथे वाद झाला. मला ते पटलं. ती तीस वर्षंही इमारतीचीच आहेत, पुसली तर इतिहास १९८८ वरून थेट २०२४ वर उडी मारतो आणि खोटा होतो. एकच गोष्ट मला खुपते. स्टेशन उभं राहिलं, पण त्यातून गाडी सुटत नाही. अ‍ॅमट्रॅक शहराच्या दुसऱ्या भागातल्या छोट्या स्टेशनवर थांबतं. शेजारी रेल्वे परत आणायची योजना २०२५ मध्ये जाहीर झाली आहे. ती व्हावी असं मनापासून वाटतं, कारण रूळ अजून तिथे आहेत आणि बोगद्यातून मालगाड्या आजही जातात.

आता तुमचं स्टेशन. तुमच्या गावात फोर्ड येणार नाही, आणि यायची गरजही नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोंत मला एक खोली, एक तिकीटखिडकी, पुढे ओसरी आणि मंगलोरी कौलांचं छप्पर दिसतंय. शकुंतला बंद पडल्यावर तिथे कोणी राहत नाही. अशी इमारत दोन-तीन वर्षं सांभाळून ठेवणं गावाच्या आवाक्यातलं काम आहे. ती पडू दिली नाही तर पुढे तिचं वाचनालय होईल की आठवडी बाजाराची कचेरी की पुन्हा स्टेशनच, हे ठरवायला वेळ मिळेल.

पहिलं काम कागदाचं. शकुंतलेची व्यवस्था जुन्या काळापासून विचित्र: मार्ग ब्रिटिश काळातल्या खासगी कंपनीचा, गाडी चालवणार भारतीय रेल्वे. त्यामुळे इमारत आणि तिच्याखालची जागा कोणाची, हे माहिती अधिकारात अर्ज करून लेखी मिळवा. सात-बाराचा उताराही काढा. परवानगीशिवाय इमारतीला हात लावू नका, अगदी चांगल्या हेतूनेही नाही. परवानगी मागताना "आम्ही दुरुस्ती करतो" असं म्हणू नका, "आम्ही छपरावर ताडपत्री घालतो आणि झाडं काढतो" असं म्हणा. छोट्या, परत काढता येणाऱ्या कामाला होकार लवकर मिळतो.

मग छप्पर. फुटलेली कौलं बदला, जुनी शाबूत कौलं कोपऱ्यात रचून ठेवा, फेकू नका; त्या मापाची कौलं पुन्हा मिळतीलच असं नाही. वासे वाळवीने खाल्लेत का ते टोकाला, भिंतीत शिरतात तिथे, खिळ्याने टोचून बघा. मधे वासा कडक असतो आणि टोकाला भुसा झालेला असतो. पन्हळी साफ करा आणि पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या पायथ्याशी साचू नये म्हणून बाहेर उतार द्या. निम्मी इमारत यातच वाचते.

पिंपळाला धरून ओढू नका, ही माझी कळकळीची विनंती. मूळ भिंतीच्या आत हातभर गेलेलं असतं, ओढलं की भिंतच उघडते. वरचा भाग कापा, बुंध्याला भोक पाडून त्यात तणनाशक भरा, मूळ पूर्ण मरेपर्यंत थांबा, मग हळूहळू कोरून काढा आणि पोकळी चुन्याच्या मसाल्याने भरा. सिमेंटने नाही. चुना मळणारा गवंडी तालुक्यात सापडला नाही तर जुन्या वाड्यांची कामं करणाऱ्यांकडे चौकशी करा. असे लोक अजून आहेत, फक्त त्यांना कोणी विचारत नाही.

दारं-खिडक्या पत्रा ठोकून गच्च बंद करू नका. आत हवा खेळली नाही तर लाकूड कुजतं. जाळी लावा, गुरं आणि चोर बाहेर राहतील, वारा आत येईल. भिंतीत तडे असतील तर तड्यावर काचेची पट्टी दोन्ही बाजूंना चिकटवून शेजारी तारीख लिहा. काच सहा महिन्यांत तडकली तर भिंत हलतेय, नाही तडकली तर तडा बहुधा जुना आहे. हे काम शाळेतली मुलं उत्तम करतात, त्यांना वहीत नोंदी ठेवायला सांगा.

आणि एक गोष्ट इथल्या अनुभवावरून. २०१८ मध्ये फोर्डने स्टेशन घेतल्याचं जाहीर झालं, त्यानंतर काही दिवसांतच इथल्या संग्रहालयाला निनावी फोन आला. फोन करणाऱ्याने सांगितलं की वीस वर्षांपूर्वी स्टेशनवरून गेलेलं घड्याळ त्याच्याकडे आहे आणि ते परत करायचंय. एका जळक्या इमारतीच्या भिंतीला टेकवून, कापडात गुंडाळून ते ठेवलेलं सापडलं. त्यानंतर आणखी लोकांनी दिवे, नक्षीचे तुकडे असं बरंच काही आणून दिलं. कोणालाही जाब विचारला नाही.

तुमच्या स्टेशनची घंटा, म्हणजे रुळाचा तो टांगलेला तुकडा, स्टेशन मास्तरचा कंदील, तिकिटांचं लाकडी कपाट, गावाच्या नावाची पाटी, यातलं काही ना काही गावातल्याच कोणाच्या तरी घरी असणार. पारावर जाहीरपणे सांगा की वस्तू आणून द्या, कुठून आणली हे कोणी विचारणार नाही, आणि तो शब्द पाळा. वस्तू आल्या की प्रत्येकीचा फोटो काढून कुठे बसायची ते म्हाताऱ्यांना विचारून लिहून ठेवा. ते सांगणारे लोक आणखी दहा वर्षांनी नसतील.

तुम्ही मे महिन्यात परत जाताय ना? मग जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की छत्री घेऊन स्टेशनवर जा, पाऊस चालू असतानाच. आत पाणी नेमकं कुठून टपकतंय, भिंतीवर ओल कुठपर्यंत चढतेय, पागोळ्या कुठे पडतायत, या तिन्हींचे फोटो काढा आणि मला पाठवा. कोरड्या दिवसात काढलेल्या फोटोंवरून मला एवढंच सांगता आलं. पुढचं त्या पावसातल्या फोटोंवरून सांगतो.